कपडे बघून 'बसा' की 'थांबा'?

पासबुकवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे, आज चौथा शनिवार म्हणून बँकेला सुट्टी, तेव्हा धागा काढतोच.

निमित्त घरातलंच. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मार्च २०२४ मधे शिक्षकांच्या पेहरावाचा जीआर आला होता आठवत असेल, जीन्स-टीशर्ट नको, भडक रंग नको, बाईंनी साडी किंवा सलवार-चुडीदार-दुपट्टा, सरांनी शर्ट-पॅन्ट आणि शर्ट इन केलेला. परवा त्यावरून पुन्हा विषय निघाला. तिचं म्हणणं, मी साडीच नेसते, मला काय फरक पडतो, पण पावसाळ्यात एका वर्गात बादली ठेवावी लागते त्या शाळेत वरून येणारा कागद माझ्या पदराबद्दल का असावा. मी म्हटलं अगं २०२० च्या डिसेंबरात सगळ्या सरकारी कर्मचाऱ्यांना सांगून झालंय, जीन्स-टीशर्ट-स्लिपर बंद आणि शुक्रवारी खादी, तुमचा नंबर उशिरा लागला एवढंच. यावर जे व्हायचं ते झालं :)

पण खरा मुद्दा वेगळाय. मी सरकारी बँकेत, तालुक्याच्या गावी. माझ्या टेबलापुढे दोन खुर्च्या आहेत आणि त्यांवर कोण बसणार हे बऱ्याचदा कपडेच ठरवतात. नवीन जॉइन झालेली पोरं (हुशार असतात, प्रश्नच नाही) इस्त्रीचा शर्ट आणि हातात गाडीची किल्ली दिसली की "या सर, बसा", आणि धोतर-टोपी दिसली की "बाबा, लाइनीत थांबा". आणि मग त्या बाबाच्या बंडीच्या आतल्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेलं पासबुक निघतं, बाबा ते रबर मनगटात अडकवतो, पिशवीची घडी करून परत खिशात घालतो, मग पासबुक पुढे करतो, आत बघावं तर उसाचं बिल जमा, चार एफड्या, पीककर्ज वेळेत फेडलेलं. उलट डोक्यावर गॉगल लावून येणाऱ्या साहेबांची गाडी आमच्याच लोनवर असते आणि नव्वद दिवस हप्ता थकला की ती फाईल एनपीएत (थकीत कर्जांत) जाऊन माझ्याच डोक्यावर बसते. म्हणजे कपड्यांवरून पत कळते हा समज आमच्या धंद्यात तरी रोज खोटा ठरतो, रोज, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तोच समज काउंटरवर हजर.

जुलै २०२४ मधे बेंगळुरूत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला धोतर नेसलाय म्हणून मॉलमधे सोडलं नव्हतं, मुलाबरोबर सिनेमा बघायला आलेला माणूस, तिकीट हातात. बोंब झाली, सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. अडवणारा गार्ड स्वतः महिना किती कमवत असेल?

तर तुमचे अनुभव लिहा. ऑफिस, कोर्ट, दवाखाना, लग्नघर, कुठलेही. आणि 'मी कपड्यांवरून कुणाला जोखत नाही' हे वाक्य कृपया नको, ते सगळेच म्हणतात.

मिरजेची_भाकर

रुमाल टाकून ठेवतेय, स्वयंपाक उरकून येते. पासबुकाचं वर्णन खल्लास, आमचे आजोबा डिट्टो.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, बरोबर जागी हात घातला तुम्ही.

आमच्या कॉलेजात (विदर्भातलं, नाव कशाला घ्या) कॅम्पसच्या वेळी नोटीस लागायची, ब्लेझर आणि टाय कंपल्सरी. एप्रिल महिना, बाहेर त्रेचाळीस डिग्री, सेमिनार हॉलचा कूलर बंद, आणि साठ पोरं काळ्या कोटात बसलेली. यातले निम्मे कोट उसने. होस्टेलला एकच नेव्ही ब्लू ब्लेझर होता बऱ्या मापाचा, सकाळी इलेक्ट्रिकलवाला घालून जायचा, बाहेर आला की तिथंच जिन्यात काढून मेकॅनिकलवाल्याला द्यायचा, घामानं आतलं अस्तर ओलं, पण बाहेरून दिसत नाही ना. बूट पण तसेच, पुढे कापूस भरून. आणि पॅनेलवर बसलेला मॅनेजर कसा? जीन्स, गोल गळ्याचा टीशर्ट, पायात सँडल. तो आरामात हो. त्याला कोणाला काही दाखवायचंच नव्हतं.

आता मी पुण्यात आयटीत आहे, रोज टीशर्टवर जातो, कोणी विचारत नाही. पण गावाकडे बँकेत, तहसीलमधे जायचं तर फुल शर्ट आणि बूट घालूनच जातो. बाबा म्हणतात असा गेला की काम एका खेपेत होते. होते पण. याचा राग येतो आणि घालतो पण.

तर्कटराव

विषय चांगला, पण सूर नेहमीचा रडका. अनोळखी माणूस समोर आला की दोन सेकंदांत काहीतरी अंदाज बांधावाच लागतो, त्याचं चारित्र्य प्रमाणपत्र मागून घ्यायला वेळ कुणाला आहे? मग जे दिसतं त्यावरूनच अंदाज बांधणार. चेहरा हातात नाही, उंची हातात नाही, कपडे हातात आहेत. उलट तेच जास्त न्याय्य नाही का? महाग कपडे घाला असं कुणीच म्हणत नाही, स्वच्छ आणि मापाचे घाला. दोन घमेली पाणी आणि इस्त्री, एवढंच लागतं.

ता.क. बँकेत धोतरवाल्याला खुर्ची मिळत नाही हा धोतराचा नाही, बँकेचा प्रॉब्लेम आहे. आमच्याकडे एफडी मोडायला गेलं तर कोटवाल्यालाही मिळत नाही.

साइटवरची

@तर्कटराव, 'कपडे हातात आहेत' हे वाक्य एखाद्या बाईला म्हणून बघा.

मी सिव्हिल इंजिनिअर, चौदाव्या स्लॅबवर वगैरे काम. बहुतेक साइटवर अलिखित पद्धत असते, पांढरं हेल्मेट इंजिनिअरचं, पिवळं लेबरचं, इलेक्ट्रिशियनचं निळं. पांढरं हेल्मेट, रिफ्लेक्टिव जॅकेट आणि सेफ्टी शूज घातले की मिस्त्री "मॅडम, कवर ब्लॉक बघून घ्या" म्हणतो, सेंटरिंगवाला खाली उतरून येतो. त्याच दिवशी संध्याकाळी क्लायंटच्या ऑफिसात मीटिंगला गेले, कुडता-सलवार घालून, तर चहाची ऑर्डर मला सांगतात आणि बीमच्या सळईचा प्रश्न माझ्या ज्युनियरला विचारतात, जो बिचारा वळून माझ्याकडेच बघतो. मग फॉर्मल ट्राउझर-शर्ट घालून बघितलं. त्यावर ऐकू आलं की "मॅडम जरा कडकच दिसतात". साडी नेसले तर "आज काय विशेष?" आता सांगा, यातलं हातात काय आहे?

पुरुषांचं बरंय, एक निळा शर्ट आणि एक काळी पॅन्ट की तो दिसायचाच बंद होतो आणि लोक कामाचं बोलायला लागतात. आम्हाला तसा एकही पोशाख नाही. हेल्मेट सोडून. म्हणून मी हल्ली मीटिंगला हेल्मेट काखेत घेऊनच जाते, साइटवरून थेट आल्यासारखी, आणि टेबलावर ठेवते. काम करतं!

खुसपट

सगळ्यांनी कपडे काढूनच टाका, विषय संपला. खिक्क.

मिरजेची_भाकर

आले. साइटवरची, हेल्मेटची आयडिया एक नंबर!!

आमच्या सांगली-साताऱ्याकडचं लिहिते. इथं गडी राजकारणात पडला की पहिल्यांदा कापड बदलतं. कालपर्यंत चौकात चेक्सचा शर्ट घालून बसणारं पोरगं आज अंगभर पांढरं, स्टार्च मारलेलं, बसताना कुरकुर आवाज येईल असली इस्त्री, पॅन्ट पण पांढरी आणि बूट पण. आधी खादी असायची, आता लिनन. ग्रामपंचायतीला पडलं तरी कापड तेच राहतं, कारण ठाण्यात, पंचायत समितीत त्या पांढऱ्याला वाट मिळते, त्यात कोण आहे हे नंतर बघतात. आणि आमच्या धोब्याला विचारा, पांढऱ्याचा रेट वेगळा, निवडणुकीच्या आधी दोन महिने साध्या लोकांचे कपडे वेळेवर मिळत नाहीत.

काळाकोट

आयडीवरून धंदा कळलाच असेल.

वकिलाचा कोट हा बार काउन्सिलच्या नियमातला भाग, त्यात आमची मर्जी चालत नाही. पांढरे बँड, काळा कोट, हायकोर्ट-सुप्रीम कोर्टात गाऊन. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाची सक्ती नसते, नियमच आहे तसा. पण गंमत बघा, सूट असतानाही नवा वकील कोट काढत नाही. सीनियर काढतात, शर्टाच्या बाह्या वर करून बाररूममधे बसतात. ज्याचं नाव बोर्डावर चाळीस वर्षं आहे त्याला पक्षकार बनियनमधेही शोधत येतील. ज्युनियरने कोट काढला तर पक्षकार त्यालाच विचारतो, "साहेब कुठायत?"

पासबुकवाले, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर यात आहे. साधं राहणं ज्याला आधीच ओळखतात त्यालाच परवडतं. वऱ्हाडी_ठेचा यांचा सँडलवाला मॅनेजर तोच. २०१४ मधे एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, मिलानमधल्या उंची दुकानांतल्या विक्रेत्यांना विचारलं, जिमच्या कपड्यात आलेली बाई आणि फरकोट घालून आलेली बाई, जास्त ऐपतीची कोण? रोज तिथं उभ्या असणाऱ्या विक्रेत्यांनी जिमवालीकडे बोट दाखवलं. रस्त्यावरच्या सामान्य लोकांनी फरकोटवालीकडे. पण यातली मेख लक्षात घ्या, जिमचे कपडे घालून त्या दुकानात शिरायला अंगात जो बिनधास्तपणा लागतो तो कपड्यांतून येत नाही. आमच्या चाळीतली कुणी तशी गेली असती तर दारावरच थांबवली असती.

तर्कटराव

@काळाकोट, मुद्दा मान्य, पण अर्धाच. १९८८ मधे एम. एफ. हुसेनना मुंबईतल्या एका जुन्या क्लबने अनवाणी आले म्हणून आत घेतलं नव्हतं. त्यांच्याइतकी ओळख कुणाची होती तेव्हा? म्हणजे ओळखही पुरत नाही कधीकधी.

काळाकोट

पुरली की. अडवल्याची देशभर बातमी झाली, आज क्लबच्या तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांची नावं कुणाला आठवतात? तुम्हाला-मला अडवलं असतं तर वॉचमन सोडून कुणाला कळलं नसतं. तमिळनाडूत २०१४ ला हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी (तिकडचं धोतर) नेसले म्हणून एका क्लबात अडवलं, तर महिन्याभरात विधानसभेने कायदा केला, की वेष्टी किंवा इतर भारतीय पोशाखावरून सार्वजनिक जागी, क्लबात प्रवेश नाकारता येणार नाही. शेतकऱ्यांना त्याआधी किती वेळा अडवलं असेल त्याची मोजदादच नाही. अडचण न्यायमूर्तींना आली तेव्हा कायदा झाला.

जुनापुराणा

काळाकोटांनी वाट करून दिली म्हणून लिहितो, जरा लांबेल.

या प्रश्नावर महाराष्ट्रात फार आधी आणि फार खोलवर विचार झालेला आहे आणि तोही नुसता बोलून नाही, अंगावर घालून. १८८८ मधे पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती, शहरातले बडे लोक दागदागिने, शेले-शालू घालून आलेले, आणि जोतीराव फुले तिथं मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. भाषणात त्यांनी राजपुत्राला सुनावलं ते साधारण असं, की ही हिरे-मोत्यांची मंडळी म्हणजे हिंदुस्थान समजू नका. आता जोतीराव काही कफल्लक नव्हते, बांधकामाची कंत्राटं घेणारे माणूस होते, चांगला पोशाख सहज घालू शकले असते. त्या हॉलमधे शेतकरी दुसरा कुणी नव्हता, म्हणून तो यांनी आणला.

गांधीजी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत पंचावर आले आणि १९३१ ला लंडनला बादशहाकडे चहालाही त्याच वेशात गेले. आणि बाबासाहेब? डिसेंबर १९२७, महाड. स्त्रियांच्या सभेत त्यांनी सांगितलं की तुमची लुगडं नेसायची पद्धत, गळ्यातले-हातातले ते कथलाचे नि चांदीचे ढीगभर दागिने, ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, नीट अंगभर नेसा, स्वच्छ राहा. आणि बायकांनी तिथल्या तिथे लुगडी वेगळ्या पद्धतीने नेसली.

लोक हे तिघे समोरासमोर उभे करून भांडत बसतात, की कोण खरा देशी आणि कोण इंग्रजाळलेला. मला ते फार उथळ वाटतं. गांधींनी कपडे उतरवले तेव्हा त्यांना कुणी 'हा बॅरिस्टर नाही' असं म्हणणार नव्हतं. बाबासाहेबांच्या लोकांवर फाटके कपडे लादलेले होते, अनेक गावांत चांगलं नेसलं तर मार बसायचा. ज्याच्यावर फाटकं लादलंय त्याने फाटकं घालून साधेपणा कसला सिद्ध करायचा? बाबासाहेबांनी थ्रीपीस सूट घातला तो यासाठी. आजही गावोगावच्या पुतळ्यात निळा कोट, टाय, खिशाला पेन, हातात संविधान असतं, ते बनवणाऱ्याला आणि समोर उभं राहणाऱ्याला नीट कळतं.

आणि म्हणून @तर्कटराव, 'दोन घमेली पाणी आणि इस्त्री' हे शंभर वर्षांपूर्वी कुणाला नळाच्या अंतरावर होतं तेवढं जरा बघा. पाण्यासाठीच तर महाड झालं.

मिरजेची_भाकर

जुनापुराणा काका, दंडवत _/\_ यावर वेगळा लेख लिहा, इथं प्रतिसादात वाया जाईल.

तर्कटराव

इतिहासाचं म्हणणं मान्य, माझं विधान आजच्यापुरतं होतं. आज पाणी आहे.

वऱ्हाडी_ठेचा

यवतमाळला या मे महिन्यात, दाखवतो पाणी.

लिव्हरपूलची_लेक

इंग्लंडातून. इथल्या सरकारी हॉस्पिटलांत डॉक्टरचा पांढरा कोट जवळपास गायबच झालाय, २००८ च्या आसपासपासून कोपराखाली हात उघडे हवेत, घड्याळ नाही, लांब बाह्या नाहीत, जंतुसंसर्ग टाळायला. ऐकायला छान. पण कोट गेल्यावर झालं असं की मी आणि माझ्या मैत्रिणी, सगळ्या स्क्रबमधे, पेशंटला नर्स वाटतो. तपासलं, समजावलं, औषध लिहून दिलं, निघताना आजोबा म्हणतात "डॉक्टर केव्हा येतील?" आणि त्याच वेळी शेजारी उभा असलेला सहा फुटी मेडिकल स्टुडंट, ज्याला अजून सलाईन लावता येत नाही, त्याला "थँक्यू डॉक्टर". शेवटी पिवळ्या बॅजवर ठळक अक्षरात डॉक्टर असं लिहून लावायची वेळ आली, बऱ्याच ठिकाणी लावतात.

कोल्हापूरला आईकडे आले की उलटं. गल्लीतलं कुणी बीपी बघून घ्यायला येतं आणि मी घरच्या गाऊनवर, तर विश्वासच बसत नाही, मशीनचा आकडा दोनदा तपासायला लावतात. आई हळूच म्हणते, स्टेथोस्कोप तरी गळ्यात घाल गं.

पासबुकवाला

जेवण करून आलो तर केवढा धागा पळाला! सगळ्यांचे आभार.

काळाकोट आणि जुनापुराणा, तुमचं पटलं, पण माझं एक टोक सुटतंच. माझा धोतरवाला बाबा यातल्या कुठल्या खान्यात? त्याला गावात सगळे ओळखतात, शेत ओळखतात, बैल ओळखतात. त्याला साधेपणा मिरवायचा नाही आणि वरही चढायचं नाही, ते धोतर त्याचं रोजचं आहे. त्याला अडचण फक्त आमच्या काचेच्या दरवाज्याच्या आत होते. म्हणजे बदलायचं तर दरवाज्याच्या आतल्यांनी. शाखेत मी एक केलंय, टोकन मशीन बसवून घेतलं, नंबर आला की खुर्ची, मग अंगात काहीही असो. रीजनल ऑफिसातून साहेब आले होते, त्यांनाही टोकन दिलं मशीनने. चेहरा बघण्यासारखा होता.

बायकोने धागा वाचला, ती म्हणते साइटवरचीला सांग, शाळेत आमचं हेल्मेट म्हणजे हातातला हजेरीपट.

साइटवरची

वहिनींना नमस्कार! अगदी हेच. आणि सोसायट्यांचं कुणीच लिहिलं नाही, डिलिवरीच्या पोराला टीशर्ट बघून सर्विस लिफ्टला पिटाळतात, तोच पोरगा रविवारी स्वतःच्या कपड्यात मित्राकडे आला की मेन लिफ्टने जातो, कुणी बघत नाही.

सातवा_मजला

सगळं वाचलं, शिकायला मिळालं, पण मला आत्ता तातडीची मदत हवीय. लेकाचं पुढच्या महिन्यात प्लेसमेंट आहे, कोट हवाच म्हणतोय. रेडीमेड घेऊ, भाड्याने आणू की शिवू? बजेट फार नाही. आणि तो काडीपैलवान आहे.

कात्रीवाली

इतका वेळ नुसती वाचत होते, हा माझा प्रांत, वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि आता मी चालवते.

भाड्याचा नको, ते लग्नाचे असतात, चमकतात. काडीपैलवानाला रेडीमेड घेताना फक्त खांदा बघा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, पुढे लोंबायला नको. कंबर आत घेता येते, बाही वर घेता येते, पॅन्टची मोरी कमी करता येते, पण खांदा उसवून बसवायचा म्हणजे कोट नवा शिवण्याइतकं काम, कुठलाही शहाणा टेलर नाही म्हणेल. आतून उलटा करून माया (शिवणीत सोडलेलं जादा कापड) किती सोडलीय ते बघून घ्या, पोरगं नोकरी लागल्यावर भरतंच, तेव्हा तेवढ्याच मायेवर सैल करता येईल. रंग काळा नको, गडद निळा किंवा कोळशासारखा करडा घ्या, काळा वकिलाला नि वेटरला. (काळाकोट, रागावू नका.) बाही इतकी की आतल्या शर्टाचा कफ बोटाच्या पेरभर दिसेल. आणि इंटरव्ह्यूच्या आधी दोन दिवस घरी घालून जेवायला बसवा त्याला, नाहीतर तिथं सारखा कॉलर ओढत बसेल, आणि पॅनेलवाले कोटाकडे बघत नाहीत, त्या ओढण्याकडे बघतात.

शिवायला टाकणार असाल तर आजच फोन करा. एकदा तुळशीचं लग्न लागलं की आम्ही नवरदेवांशिवाय कुणाचं माप घेत नाही.